पाच नंबरचे छरे

१

टण्ण.

जेवणाच्या टेबलावरची शांतता एवढ्याशा आवाजाने मोडली. पाच वर्षांच्या कॅरिसने दाताखाली आलेला छरा बोटांनी काढून इनॅमलच्या ताटलीत टाकला होता.

"मला सापडला!" ती ओरडली, आणि सगळ्यांचे चेहरे बघून आपणहूनच गप्प झाली.

पारव्याच्या स्ट्यूमध्ये ज्याला छरा सापडेल त्याला शेवटचा बटाटा, हा गेथिनांच्या घरातला जुना नेम. एरवी तिचे आजोबा एमलिन लगेच खोटं खोटं भांडायला उठायचे. "ए लबाडे, तो माझ्या ताटलीतून पळवलायस तू!" आज त्यांनी मान वर केली नाही. कॅरिसचा बाप ग्विलिम पाव नुसता कुस्करत बसला होता. आणि तिची आई नेस्टा त्या छऱ्याकडे बघत होती.

हे पारवे त्यांच्याच शेतात शिकार करणाऱ्या विल्फ बेडोजने मारलेले. परवा नेहमीसारखी एक जोडी मागच्या दाराच्या कडीला अडकवून, दारावर टिचकी मारून, न बोलता तो निघून गेला होता. काल उजेड कलताना मोहरीच्या शेताच्या कडेला ग्विलिमला तो मेलेला सापडला. जाळीच्या लपणात, कुंपणाला टेकून, डुलकी लागल्यासारखा बसला होता. मानेवरून रक्त ओघळून कोटावर सुकलं होतं.

"स्वतःचीच बंदूक लागली असणार," ग्विलिम काल धापा टाकत म्हणाला होता. नेस्टा त्याच्यामागून धावत शेतावर गेली होती. तिने विल्फला पाहिलं, मग बघवेना म्हणून नजर समोर वळवली. शेतात विल्फचे नकली पारवे ओळीने मांडलेले होते, लाकडाचे, रंगवलेले, सगळ्यांची तोंडं तिच्याकडे. एवढंच तिच्या डोळ्यांत राहिलं होतं.

दारावर थाप पडली. कॅरिसने टाळ्या वाजवल्या, "विल्फकाका!"

दारात इन्स्पेक्टर प्रीस उभे होते. टोपी हातात, बूट चिखलाने माखलेले.

"जेवणाच्या वेळी आलो, माफ करा. पण उद्यावर टाकण्यासारखं नाही हे. विल्फ बेडोजला त्याची स्वतःची बंदूक लागलेली नाही. कुंपणापलीकडून कुणीतरी गोळी घातलीय."

२

ग्विलिमने कॅरिसला उचलून वर नेलं. एमलिन शेगडीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. प्रीसनी टेबलावर काचेची छोटी बाटली ठेवली. तिच्या तळाशी चार काळपट छरे.

"डॉक्टरांनी काढलेत. मिसेस गेथिन, या घरात काडतुसं कोण आणतं?"

"मीच," नेस्टा म्हणाली. "बाजाराच्या दिवशी. चहा, मैदा, काडतुसं."

यात नवल काहीच नव्हतं. श्रॉपशरच्या त्या डोंगरउतारांवर, वेल्सच्या हद्दीला लागून, बाजाराच्या यादीत काडतुसं ही मिठासारखीच गोष्ट. हिवाळा सरता सरता पारवे मोहरीवर तुटून पडतात, आणि मेंढ्या विऊ लागल्या की कावळे कोकरांचे डोळे फोडतात. दोन पाखरं, दोन काडतुसं. पारवा नाजूक, आणि फसव्या पाखरांवर भुलून अगदी जवळ येतो. त्याला सहा नंबर, बारीक आणि दाट छरे. कावळा मुलखाचा डांबिस. बंदूक कळते त्याला. लांबच राहणार, आणि सहा नंबर लागला तरी पंख झटकून जाणार. त्याला एक पायरी जाड छरा लागतो, म्हणून पाच नंबर. नंबर उतरतो तसा छरा वाढतो, हे इथल्या पोरांना पाढ्यांआधी येतं.

नेस्टाने कॅरिसच्या ताटलीतला छरा पुसून बाटलीजवळ ठेवला. प्रीसनी बाटलीतला एक त्याच्या शेजारी ओतला. दिव्याखाली फरक दिसत होता. फार नाही, जोंधळ्याचा दाणा आणि जरा भरलेला दाणा, एवढाच.

"विल्फ फक्त सहा नंबर वापरायचा," नेस्टा म्हणाली. "पाच नंबरने पारव्याची चाळण होते, खायला काय उरतं, म्हणायचा."

"बरोबर. त्याच्या पिशवीत सगळे सहाच निघाले. आणि हे पाच नंबर." प्रीसनी खुर्ची ओढली. "पाच नंबर कोणाकोणाकडे आहेत?"

"आमच्याकडे आहेत," ती सरळ म्हणाली. "मीच आणलेत."

"सगळ्या मेंढपाळांकडे आहेत, ते माहीत आहे मला. सिरिल ट्रँटरकडेही आहेत." प्रीस एमलिनकडे वळले. "एमलिन, काल तुम्ही म्हणालात, विल्फचे बार तीनच्या सुमाराला थांबले."

"हं," शेगडीकडे बघतच म्हातारा म्हणाला.

"तीनला तुम्ही कुठे होता?"

"इथेच होते," नेस्टानेच उत्तर दिलं. "याच खुर्चीत. कॅरिस मांडीवर झोपली होती. जेवलेही नव्हते काल, अंगात कणकण होती. मी समोर इस्त्री करत होते."

"आणि ग्विलिम?"

"छपरावर. पत्रे ठोकत होता, सगळ्या गल्लीला आवाज जात होता."

प्रीसनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. या घरावर संशय घेणं त्यांनाही नको होतं.

"मग उरला एकच माणूस," ते उठत म्हणाले. "आणि त्यानं दारूच्या गुत्त्यात चारचौघांत बोलून ठेवलंय, की विल्फला त्या शेतातून उठवल्याशिवाय राहणार नाही म्हणून."

३

दुसऱ्या दिवशी सकाळी नेस्टा आईविना पडलेल्या कोकराला बाटलीने दूध पाजत होती, तेव्हा कुरणाच्या फाटकाशी आवाज चढले. दोन शिपाई, प्रीस, आणि मध्ये सिरिल ट्रँटर, लाल तोंडाचा, हातवारे करणारा.

"हो, म्हणालो मी! म्हणालो! गुत्त्यात माणूस काय स्तोत्रं म्हणतो का? पंधरा वर्षं त्या शेतात पारवे मारले मी. आणि एमलिन म्हाताऱ्यानं मला कुत्र्यासारखा हाकलला. कशापायी? एका प्लॅस्टिकच्या वाटीपायी!"

ती गोष्ट सगळ्या पंचक्रोशीला पाठ होती. काडतुसात बंदुकीची दारू आणि छरे यांच्या मध्ये काहीतरी बूच लागतं. जुन्या पद्धतीचं दाबलेल्या लोकरीचं, चकतीसारखं. ते पावसात कुजून जातं. नवं प्लॅस्टिकचं, वाटीच्या आकाराचं. त्याने छरे एकत्र राहतात, स्वस्तही पडतं, पण बार झाल्यावर ती वाटी गवतात पडून राहते. एमलिनची एक मेंढी असल्या वाट्या गिळून पोट फुगून मेली. त्या दिवसापासून गेथिनांच्या जमिनीवर प्लॅस्टिक बंद. भाऊ असो की पाहुणा, लोकरी चकती नसेल तर बंदूक रिकामी करून परत जा. सिरिलने ऐकलं नाही. त्याची जागा विल्फला मिळाली.

"परवा तीन वाजता कुठे होतास?" प्रीसनी विचारलं.

"पलीकडच्या रानात. माझ्या मेव्हण्याच्या. कावळे मारत होतो, चार मारले."

"पाच नंबरने?"

"मग काय वाटाण्यांनी?"

"आणि रानात जायची वाट या फाटकावरून जाते. लपण त्या समोरच्या कुंपणाला लागून. इथून मारलं तर सरळ तिथे."

"अहो, मी पोचलोच जेवणानंतर! सकाळभर आईच्या कवळीपायी दातांच्या दवाखान्यात बसलो होतो. विचारा तिला, विचारा डॉक्टरला. वरची बसते तर खालची पडते, दोन शिव्या मला, एक त्याला. हसून हसून लोकांची—"

"सकाळचं कोणी विचारलंय, सिरिल?"

तेवढ्यात सिरिलला नेस्टा दिसली.

"नेस्टा! तू सांग ना गं यांना! मी तोंडाचा वाईट आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. पण विल्फला मी... शाळेत एका बाकावर बसायचो आम्ही. त्यानं माझी जागा घेतली म्हणून मी त्याच्याशी बोलत नव्हतो. बोललोच नाही शेवटपर्यंत." शिपायाने त्याचा दंड धरला. "आईला सांग, जेवायला थांबू नकोस म्हणून. ती थांबेल. माझ्याशिवाय ती सूपसुद्धा घेत नाही."

गाडीचं दार लागलं. कोकरू बाटली ओढत राहिलं. कुरणाच्या वरच्या टोकाला एमलिन काठीवर रेलून उभे होते. गाडी वळणाआड गेली तरी ते तसेच उभे.

जाताना प्रीसनी एक पोतं नेस्टाच्या हाती दिलं होतं. विल्फचे नकली पारवे, जाळी, घडीचं स्टूल. पोलिसांनी त्याच संध्याकाळी शेतातून गोळा केलेलं. "मिसेस बेडोजकडे पोचवाल? आमच्यापैकी कोणी दारात गेलं की ती माउली पुन्हा उभी राहते, काही नवीन कळलं का म्हणून."

तेव्हा नेस्टाने पोतं खाली ठेवून सहज विचारलं होतं, "प्लॅस्टिकची वाटी सापडली का हो तुम्हाला? कुरणात?"

"नाही. सगळं कुरण चाळलं. ओल्या लोकरीच्या चकत्या मात्र ढीगभर."

"सिरिल लोकरी चकती हातात धरणार नाही. आपला शब्द खाली पडेल म्हणून त्यानं शेत सोडलं."

प्रीसनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. "एका डब्याला असे किती पैसे पडतात? माणसाला एखाद्याचा जीवच घ्यायचा असेल, तर तो एक दिवस लोकर वापरेल."

हे पटण्यासारखं होतं. पण तिला पटेना.

४

दुपारी ती दोरीवरच्या चादरी काढायला गेली. वारा पश्चिमेचा, नेहमीचा. चादरी तिच्या तोंडावर येऊन आपटल्या आणि ती तिथेच थबकली.

परवा, विल्फ गेला त्या दिवशी, चादरी उलट्या उडत होत्या.

तिने दोरीचा खांब धरला. आठवू लागली. परवा सकाळी वारा पूर्वेचा होता, हाडं गोठवणारा. वाळत घालताना चादरी घराकडून नासपतीच्या झाडाकडे उडत होत्या. आणि जेवणाच्या आधी काढायला आली, तेव्हा वारा फिरला होता. एक चादर झाडाकडच्या टोकाला सुटून स्वयंपाकघराच्या खिडकीला चिकटली होती. कॅरिस भूत भूत करत हसली होती. त्यानंतर दिवसभर वारा पश्चिमेचाच राहिला. संध्याकाळी ती शेतावर धावली तेव्हाही तो समोरून, डोळ्यांत पाणी आणत होता.

समोरून. आणि नकली पारव्यांची तोंडंही तिच्याकडे.

म्हणजे पारव्यांची पाठ वाऱ्याला.

पाखरू वाऱ्याकडे पाठ करून चरत नाही. पिसं उलटी होतात त्याची. खरा पारवा वाऱ्यात तोंड खुपसूनच उतरतो, म्हणून नकली पारवे मांडायचे ते वाऱ्याकडे तोंड करून. नाहीतर वरचे पारवे बघतात आणि दुसरीकडे जातात. विल्फ तर वारा जरा सरकला तरी उठून एकेक पाखरू फिरवणारा माणूस. आणि वारा अख्खा उलटा फिरला असता, तर त्याने बिऱ्हाडच हलवलं असतं. पूर्वेचं कुंपण सोडून पश्चिमेला, जुन्या ओकाखाली, त्याच्या रोजच्या जागी. वारा पाठीशी ठेवून बसायचं, हा त्याचा धर्म.

तो हलला नाही. त्याने एक पाखरू फिरवलं नाही.

म्हणजे वारा फिरला तेव्हा विल्फ मेलेला होता. तीन वाजता नाही. जेवणाआधी. सकाळी.

तीन वाजता कुणी बार ऐकले असतील, तर ते सिरिलचे, रानात, कावळ्यांवर. आणि सकाळी सिरिल दवाखान्यात कवळीपायी शिव्या खात होता.

आणि पुढची गोष्ट न बोलावता आली. पाच नंबर. लोकरी चकती. सकाळ. सकाळी ग्विलिम कुठे होता? तो तिच्यासमोर होता. आडवं आलेलं कोकरू, मेंढी त्याने धरलेली, आणि हात लहान म्हणून आत हात घातलेला तिने. उन्हं माथ्यावर येईपर्यंत दोघं रक्ताने माखून गोठ्यातच होती.

त्याचा बाप दारातून म्हणाला होता, "कावळे फार झालेत. बघून येतो." हातात बंदूक.

आणि तीनपर्यंतचे बार विल्फचेच होते, हे सांगणारा माणूसही तोच, एकटा.

५

म्युरिएल बेडोजने पोतं स्वयंपाकघरात उलटं केलं आणि पारवे एकेक पुसून टेबलावर ठेवू लागली. ठेवताना त्यांची तोंडं ती एकीकडे करत होती, सवयीने.

"हा त्यानं लग्नाच्या वर्षी केला. हा डोळा मी रंगवला, बघ कसा तिरळा. पारवे भ्यायचे नाहीत, मीच भ्यायचे." ती हसली आणि हसणं अर्ध्यावरच सुटलं. "सिरिलला नेलं म्हणे."

"हो, म्युरिएल आंटी."

"सिरिलनं? तो तोंडानं माणसं मारतो गं. हातानं नाही. त्याची आई आली होती सकाळी, माझा हात धरून रडली. मला कळेना मी तिला धीर द्यावा की तिनं मला." तिने पोतं झटकलं, आत हात घालून चाचपलं. "आणि फौजदार कुठंय?"

"कोण फौजदार?"

"त्याचा कावळा. खरा, मेलेला. फ्रीझरमध्ये ठेवायचा तो, माझ्या वाटाण्यांशेजारी, किती भांडले मी! मानेतून तार घातलेली, मुंडी ताठ राहावी म्हणून. लपणाच्या वर, कुंपणातून काठी काढायची आणि तिच्यावर त्याला बसवायचा. कावळा एवढा संशयी, तो निवांत बसलाय म्हणजे धोका नाही, असं पारव्यांना वाटतं. 'फौजदार ड्युटीवर आला की चोर बिनधास्त येतात,' म्हणायचा." ती पोत्याच्या तळाकडे बघत राहिली. "परवा सकाळी तोच घेऊन गेला. वारा उलटा आहे, आज गेथिनांच्या कुरणाच्या बाजूला बसतो, म्हणाला. मी म्हटलं, एमलिनला सांग जाताना. म्हणाला, एवढ्या पहाटे कशाला उठवू म्हाताऱ्याला."

नेस्टाने चहाचा कप खाली ठेवला.

"कोल्ह्यानं नेला असेल," म्युरिएल म्हणाली.

"असेल," नेस्टा म्हणाली. पोलिस आले तेव्हा लपणाच्या वर काठी होती. तिलाही दिसली होती, रिकामी. कुंपणाचीच फांदी वाटली होती सगळ्यांना.

कोल्हा कावळा काठीवर चढून काढत नाही.

६

एमलिन मारलेले कावळे कुरणाच्या वरच्या तारेला टांगत. त्यांच्या बापानेही टांगले होते. बाकीच्यांना दहशत बसते म्हणून. नेस्टा तारेच्या कडेने चालत गेली. बहुतेक वाळून काळ्या चिंध्या झालेले, माना लोंबत असलेले. शेवटून तिसऱ्याची मान लोंबत नव्हती. उलटा टांगलेला असूनही त्याची मुंडी ताठ होती. पिसांतून तारेचं टोक बाहेर आलं होतं.

"टाकून देववेना," मागून आवाज आला.

एमलिन उभे होते. हातात नुकतं झालेलं, अजून ओलं कोकरू.

"पुरायला निघालो होतो. मग म्हटलं, विल्फची वस्तू आहे. आणि हातांना हीच सवय. कावळा म्हणजे तारेवर."

नेस्टाने पिसांतल्या तारेला बोट लावून पाहिलं.

"पहाटेपासून दोन कोकरांचे डोळे गेले होते, पोरी. मी चवताळलो होतो. बघतो तर कुंपणावर हा बसलेला. हलत नाही, उडत नाही. मला वाटलं माजलाय. हल्ली मला लांबचं... विल्फ ओकाखाली असणार, एवढंच डोक्यात. कायम तिथेच बसतो तो. कुंपणाच्या मागे काय आहे हे न बघता चाप ओढायचा नाही, हे मी ग्विलिमला कानफटात मारून शिकवलंय. मला वाटलं कावळा आहे."

"कावळाच होता, बाबा."

"हो." त्यांनी कोकरू छातीशी धरलं. "कावळाच होता. काढायला गेलो, पायाला दोरा, मानेत तार. मग जाळीतून आत पाहिलं."

कुरणात मेंढ्या एकमेकींना हाका मारत होत्या. नेस्टाला बाजाराचा दिवस आठवला. दुकानदार म्हणाला होता, लोकरी चकतीत आज सहाच आहेत, पाच पुढच्या आठवड्यात. आणि तिने हट्टाने मागच्या खोलीतून शेवटचा डबा शोधायला लावला होता. घायाळ कावळा तडफडत राहिलेला तिला बघवत नसे.

"तीन वाजेपर्यंतचं का सांगितलंत?"

"तोंडातून निघून गेलं. त्या वेळी मी खुर्चीत होतो ना, पोरगी मांडीवर होती. वाटलं, तीच खरी वेळ असती तर." म्हाताऱ्याने कोकरू या हातावरून त्या हातावर घेतलं. "मग सिरिलला नेलं. वाटलं, सोडतील. त्यानं केलेलंच नाही, तर सोडतीलच ना?"

"सोडणार नाहीत, बाबा. पाच नंबर आहेत त्याच्याकडे, भांडण आहे, आणि तीन वाजता तो रानात होता. ते तीन तुम्ही दिलेत त्यांना."

त्यांनी कोकराचं ओलं अंग बाहीने पुसलं.

"मेंढ्या वीत आहेत, नेस्टा. अर्ध्याहून जास्त बाकी आहेत. ग्विलिमला एकट्याला झेपायचं नाही. एवढं आटपू दे. मग मी स्वतः पायी जातो प्रीसकडे. तुला शब्द देतो."

असा शब्द त्यांनी आजवर मोडला नव्हता. त्याच हातांनी तिला पहिली मेंढी सोडवायला शिकवलं होतं. कॅरिसच्या वेळी बर्फात गाडी अडली, तर ट्रॅक्टरला फळी बांधून त्यांनीच तिला दवाखान्यात पोचवलं होतं. दोन आठवडे. काय मोठंसं मागत होते?

पण तिकडे सिरिलची आई ताटं मांडून बसली असेल. आणि म्युरिएल सगळ्यांचे चेहरे बघत गावातून हिंडत असेल, माझ्या नवऱ्याला यांतल्या कोणी मारलं म्हणून. तिला तर हेसुद्धा माहीत नव्हतं की विल्फचा कोणी दुस्वास केला नव्हता.

"आज, बाबा," ती म्हणाली.

"ग्विलिमला तरी विचार."

"विचारलं तर तो नको म्हणेल. म्हणूनच विचारत नाही."

तिने हात उंचावून तारेवरचा कावळा सोडवला. तो अगदी हलका होता.

"तुम्ही फोन करता, की मी करू?"

एमलिन कोकराला त्याच्या आईजवळ ठेवायला वाकले. ते वाकलेलेच राहिले. पाठ हलत होती. थोडा वेळ वाट पाहून नेस्टा घराकडे चालू लागली.

७

फोन जिन्याखाली होता. तिने प्रीसना सगळं सांगितलं. चादरी, वारा, पारव्यांची तोंडं, रिकामी काठी, तार. मग प्रीस म्हणाले, "तुम्हालाच सांगावं लागलं, मिसेस गेथिन. वाईट वाटतं." तिने रिसीव्हर ठेवला तेव्हा जिन्याच्या वरच्या पायरीवर काहीतरी सरकल्याचा भास झाला. तिने वर पाहिलं नाही.

गाडी आली तेव्हा एमलिन दाढी करून, चर्चला जायचा कोट घालून, फाटकाशी उभे होते. त्यांनी बंदूक मधून उघडून, नळ्या रिकाम्या दाखवून प्रीसच्या हाती दिली.

"आधी सिरिलला सोडा," ते म्हणाले. "मग माझं काय लिहायचं ते लिहा. आणि म्युरिएलला मी स्वतः सांगणार. ते कोणी दुसऱ्यानं करायचं नाही."

"वाटेत थांबू आपण तिच्याकडे," प्रीस म्हणाले.

ग्विलिम गोठ्याच्या दारात होता. कोपरापर्यंत ओले हात, चेहरा राखेसारखा. बाप गाडीत बसेपर्यंत तो बघत राहिला, मग त्याने नेस्टाकडे पाहिलं.

"मला सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"तू काय केलं असतंस?"

आत मेंढी कण्हली, तसा तो वळला आणि आत गेला. दार त्याने लोटून घेतलं, आपटलं नाही.

गाडीचा आवाज उतारावर विरत गेला. नेस्टा स्वयंपाकघरात आली. कॅरिस टेबलाखाली पाय दुमडून बसली होती. नेस्टा खाली बसली आणि हात पसरले. रोज धावत येऊन मांडीत शिरणारी पोर आज जागची हलली नाही. तिथूनच, आईचा चेहरा नीट निरखत, तिने विचारलं,

"आई, मी काही केलं, तर माझंपण नाव सांगशील?"